कूपर : पिंप बांधणाऱ्याचं नाव बाळाच्या पाळण्यात कसं आलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटमुळे, परदेशातल्या नातवंडांमुळे किंवा मुंबईतल्या रुग्णालयाच्या पाटीमुळे ‘कूपर’ या नावाबद्दल सतत विचारणा होते. तेच ते येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कूपर या नावाचा अर्थ काय?

लाकडी पिंपं बांधणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. इंग्रजीत आधी तो धंद्याचा शब्द होता, मग आडनाव झालं आणि अलीकडच्या चाळीसेक वर्षांत मुलाचं पहिलं नाव म्हणून रुळलं. मराठीत या कारागिराला वेगळा शब्द नाही, कारण तो धंदाच आपल्याकडे नव्हता. आपले रांजण कुंभार घडवायचे आणि हंडे तांबट. ‘पिंप’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला. वस्तू जहाजातून उतरली तेव्हा नावही सोबत उतरलं.

२. ‘कूपमंडूक’मधल्या कूपाशी याचा काही संबंध आहे का?

लांबचा आहे. इंग्रजी ‘कूपर’ मध्ययुगात डच आणि उत्तर जर्मन बोलींतून आला. तिथे ‘कूपे’ म्हणजे लाकडी टब किंवा पिंप. त्याच्यामागे लॅटिन ‘कूपा’ आहे. चहाचा ‘कप’ आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा इंग्रजी शब्द ‘कूप’ ही याच लॅटिन शब्दाची पिल्लं. व्युत्पत्तिकोश या लॅटिन शब्दाचं नातं संस्कृत ‘कूप’शी, म्हणजे खड्डा किंवा विहीर या शब्दाशी दाखवतात. दोन्हीकडे मुळातली कल्पना एकच : आतून पोकळ असलेली जागा. मात्र संस्कृतातून शब्द इंग्रजीत गेला, असं याचा अर्थ नाही. दोघेही एका जुन्या मुळाचे वंशज, म्हणजे फार तर चुलत भावंडं.

३. कूपर नेमकं काम काय करायचा? पिंप बांधणं इतकं अवघड आहे का?

फार अवघड. अस्सल पिंपाच्या अंगाला खिळा नसतो, सरस नसतो, फटी बुजवायची लांबीही (पुट्टी) नसते, तरीही थेंब गळत नाही. हे कसं साधतं ते पाहिलं की या धंद्याचं नाव अभिमानाने का लावलं जायचं ते समजतं.

ओकचं लाकूड घेतात. खोड चिरताना फळीची रुंदी खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाईल, असं चिरावं लागतं. ओकमध्ये केंद्रातून बाहेर जाणारे चपटे पट्टे असतात. फळी अशी चिरली की ते पट्टे तिच्या रुंदीत आडवे पडतात आणि आतला द्रव पदार्थ बाहेर येण्याची वाट अडवतात. कशीही चिरलेली फळी दिसायला सारखीच, पण ती झिरपते. मग फळ्या उघड्यावर रचून वाळवतात, तेही महिनोन् महिने. ओल्या लाकडाचं पिंप बांधलं तर ते नंतर आकसतं आणि सांधे उघडे पडतात.

वाळलेली फळी मधे रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद तासतात. तिच्या दोन्ही कडांना किंचित तिरका उतार देतात, कारण अशा तीसेक फळ्या शेजारी उभ्या केल्या की वर्तुळ बनलं पाहिजे. ही कड उलट्या ठेवलेल्या लांब रंध्यावर फळी सरकवून काढतात. जुना कारागीर उताराचा कोन मोजत नसे, नजरेने ठरवत असे. कोन चुकला तर सांधा फक्त आतून किंवा फक्त बाहेरून बसतो आणि पिंप गळतं.

त्यानंतर फळ्या एका कड्यात उभ्या करतात. वरचं टोक आवळलेलं, खालचं घागऱ्यासारखं पसरलेलं. आत छोटी शेगडी पेटवतात, फळ्या ओल्या करतात. उष्णता आणि वाफेने लाकूड नरम पडलं की खालची टोकं हळूहळू आवळत आणून त्यांवर कडं चढवतात. घाई केली की फळी मधोमध तडकते. गाठ असलेली फळी तर हमखास जाते.

शेवटी दोन्ही टोकांना आतून गोल खाच पाडतात, तिच्यात वरचं आणि खालचं झाकण बसवतात. झाकणाच्या सांध्यांत पाणवनस्पतीची वाळलेली पाती दाबून भरतात. सर्वांत रुंद फळीत बुचाचं भोक पाडतात. लोखंडी कडी हातोडीने ठोकत फुगीर भागाकडे सरकवली की ती आपोआप घट्ट होतात. बैलगाडीच्या चाकाला धाव तापवून चढवतात तशी इथे कडी तापवावी लागत नाहीत, पिंपाचा फुगवटाच त्यांना आवळतो.

द्रव भरला की लाकूड फुगतं आणि उरलेसुरले सांधे मिटतात, पावसाळ्यात दरवाजा चौकटीत अडकतो तसे. म्हणून रिकामं पिंप उन्हात पडू देणं हा त्याचा घात. फळ्या आकसतात, कडी गळून पडतात आणि पिंपाचा फळ्यांचा ढीग होतो.

४. पिंप मधे फुगलेलं का असतं? सरळ डबा का नाही?

कडी आवळायला, हे वर आलंच. दुसरं कारण वाहतुकीचं. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप सुमारे पाव टन भरतं. ते आडवं केलं की जमिनीला फक्त फुगवटा टेकतो. त्यामुळे एकटा माणूस ते लोटू शकतो आणि जागच्या जागी वळवूही शकतो.

५. सगळे कूपर एकच काम करायचे का?

नाही. द्रव पदार्थांची पिंपं बांधणारे सर्वांत वरचे मानले जात. पीठ, साखर, खिळे अशा कोरड्या मालासाठी हलकी पिंपं करणारे वेगळे. बादल्या, टब, लोणी घुसळायची भांडी करणारे आणखी वेगळे. द्रवाच्या पिंपांना मापाप्रमाणे स्वतंत्र नावं होती. ब्रिटिश बिअरच्या मापात फर्किन म्हणजे ९ गॅलन (सुमारे ४१ लिटर), किल्डरकिन १८, बॅरल ३६ आणि हॉग्सहेड ५४ गॅलन. पिंप नेमकं त्याच मापाचं उतरलं पाहिजे, कारण त्यावर कर ठरायचा. लंडनच्या कूपर मंडळींच्या संघाला १५०१ साली राजसनद मिळाली.

जहाजावरही कूपर लागत असे, कारण पाणी, बिअर, खारवलेलं मांस, सगळं पिंपांतच असायचं. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला गेलेला जॉन आल्डन याच कामासाठी साउदॅम्प्टन बंदरात घेतला गेला होता.

६. धंद्याचं आडनाव कसं झालं?

गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार ही नावं आठवा. माणसाच्या नावामागे त्याचा धंदा लावायचा, म्हणजे कोणता गोरा हे कळतं. इंग्लंडमध्येही तेराव्या-चौदाव्या शतकांत हेच चाललं होतं : जॉन नावाचे दहा जण, त्यातला हा कूपर. फरक पुढे पडला. करवसुलीच्या आणि जमिनीच्या कागदपत्रांत ही ओळख मुलाकडे, नातवाकडे जशीच्या तशी जाऊ लागली. नातू सुतारकाम करो की शेती, आडनाव कूपरच राहिलं. गावोगाव पिंपं लागत असल्याने हे आडनाव एकाच वेळी शेकडो ठिकाणी जन्मलं. म्हणून दोन कूपर एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही.

७. आणि आडनावाचं पहिलं नाव?

इंग्लंडच्या बड्या घराण्यांत सोळाव्या शतकापासून आईचं माहेरचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून देण्याची चाल होती. माहेरची इस्टेट किंवा प्रतिष्ठा नावातून दिसावी, हा हेतू. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडे, ती जास्त मुरली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातही कूपर नावाचे तुरळक पुरुष सापडतात. तिथे अर्थ असा की आई कूपरांकडची.

आजच्या कूपरांचं कारण वेगळं आहे. १९८० नंतर अमेरिकेत आडनावासारखी वाटणारी पहिली नावं आवडू लागली. टायलर म्हणजे कौलं घालणारा, मेसन म्हणजे गवंडी, कार्टर म्हणजे गाडीवान, पार्कर म्हणजे राखीव रानाचा रखवालदार. टायलर १९९० च्या दशकात तिथल्या पहिल्या दहांत होतं, मेसन २०११ साली दुसऱ्या क्रमांकावर होतं. कूपर याच वरातीतलं. आईवडिलांना पिंप आठवत नाही, त्यांना कू-पर असा दोन तुकड्यांचा ठसठशीत उच्चार आणि शेवटचा ‘र’ आवडतो.

८. कूपर नक्की कुठे आणि कधी लोकप्रिय झालं?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मधल्या काळात ते पहिल्या हजार नावांतही नव्हतं. १९८० च्या दशकात परतलं, २००० नंतर भराभर चढलं आणि २०१० च्या दशकात मुलांच्या पहिल्या शंभर नावांत स्थिरावलं. ऑस्ट्रेलियात ते आणखी वर गेलं, तिथे याच काळात ते पहिल्या वीसच्या आसपास दिसतं. ज्या इंग्लंडमध्ये शब्द घडला तिथे मात्र ही फॅशन उशिरा आणि कमी प्रमाणात पोचली.

खेळाडूंकडे पाहिलं की पिढी दिसते. ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू कूपर क्रॉन्क १९८३ चा, अमेरिकन फुटबॉलमधला कूपर कप १९९३ चा, क्रिकेटपटू कूपर कॉनोली २००३ चा आणि २०२५ साली एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत पहिला उचलला गेलेला कूपर फ्लॅग २००६ चा. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना हे नाव कळलं ते कॉनोलीमुळे, मार्च २०२५ मध्ये दुबईच्या उपांत्य सामन्यात तो भारताविरुद्ध शून्यावर बाद झाला तेव्हा.

९. गॅरी कूपर या नटामुळे हे नाव पसरलं ना?

नाही, आणि याचा पुरावा फार छान आहे. गॅरी कूपरचं मूळ नाव फ्रँक. ‘गॅरी’ हे इंडियाना राज्यातल्या शहराचं नाव त्याच्या एजंटबाईंनी सुचवलं. तो प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेत गॅरी नावाच्या मुलांची लाट आली आणि १९५० च्या दशकात ते पहिल्या पंधरांत होतं. लोकांनी त्याचं ‘गॅरी’ उचललं, ‘कूपर’ तसंच ठेवलं. आडनाव पाळण्यात ठेवायची फॅशन तेव्हा आलीच नव्हती. तिला आणखी तीस वर्षं लागली.

१०. एखाद्या नावाची लोकप्रियता स्वतः कशी तपासायची?

अमेरिकेसाठी तिथल्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या संकेतस्थळावर जा, नाव टाका, मुलगा किंवा मुलगी निवडा, किती मागच्या वर्षापासून पाहायचं ते निवडा. माहिती १८८० च्या जन्मांपासून आहे. इंग्लंड आणि वेल्ससाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वार्षिक याद्या आहेत. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्य आपली यादी वेगळी काढतं.

चार ठिकाणी फसगत होते. एक, प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र मोजलं जातं. सी आणि के ही आद्याक्षरं असलेले कूपर दोन वेगळी नावं धरली जातात. दोन, अमेरिकेच्या यादीत वर्षाला पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव दाखवत नाहीत, म्हणून ‘यादीत नाही’ म्हणजे ‘कुणीच ठेवलं नाही’ असं नव्हे. तीन, सोशल सिक्युरिटी १९३५ च्या कायद्याने आली. त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे कार्ड काढलं तेवढेच मोजले गेलेत, म्हणून जुने आकडे अपुरे आहेत. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : क्रमांकावर जाऊ नका, टक्केवारी बघा. १८८० साली पहिल्या क्रमांकाचं जॉन आठ टक्क्यांहून जास्त मुलग्यांना दिलेलं होतं. आज पहिल्या क्रमांकाचं नावसुद्धा शंभरात एखाद्याच मुलाचं असतं. म्हणजे साठाव्या क्रमांकाचं नाव असलेलं दुसरं मूल वर्गात भेटण्याची शक्यता कमीच.

११. मुलीचं नाव कूपर ठेवतात का?

क्वचित. धंद्याच्या नावांपैकी हार्पर (हार्प वाजवणारा) आणि पायपर (पावा वाजवणारा) मुलींकडे गेली, टेलर दोघांकडे राहिलं, कूपर आणि मेसन बहुतांशी मुलांकडेच.

१२. मराठीत कसं लिहायचं? कूपर, कुपर की कॉपर?

कूपर. उच्चारात पहिला स्वर लांब आहे, म्हणून दीर्घ ऊकार. ‘कॉपर’ म्हणजे तांबं, तो निराळा शब्द. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन लोक शेवटचा ‘र’ जवळजवळ गिळतात, तरी लिहिताना तो ठेवावा. लाडाचं नाव ‘कूप’.

१३. कूपन, रेल्वेचा कूपे, कॉपर, हूपर, हे सगळे एकाच घरातले का?

कूपन आणि कूपे फ्रेंच ‘कापणे’ या क्रियापदाचे : कापून घ्यायची चिठ्ठी, कापून लहान केलेला डबा. पिंपाशी संबंध नाही. कॉपरचं नाव सायप्रस बेटावरून आलं. हूपर मात्र धंद्याने शेजारी, कारण तो पिंपाची कडी करणारा किंवा बसवणारा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. अमेरिकेत गेलेल्या काही ज्यू कुटुंबांनी ‘कुप्फर’ म्हणजे तांबं हे आडनाव बदलून कूपर केलं. त्यांच्या कूपरचा अर्थ खरोखरच तांब्याकडे जातो.

१४. ‘काउपर’ असं दिसणारं आडनाव कूपर का वाचतात?

ते कूपरचंच जुनं स्पेलिंग. कवी विल्यम कूपर (१७३१ ते १८००) हे नाव छापील इंग्रजीत ‘काउपर’ दिसतं, पण त्याचा उच्चार कूपर. आजच्या काही घराण्यांत मात्र डोळ्यांना दिसतो तसा उच्चारही चालतो. शंका आली तर त्या माणसालाच विचारावं.

१५. इतर भाषांत पिंपवाल्यांची आडनावं कोणती?

डच ‘कायपर’ (सौरमालेच्या कडेचा कायपर पट्टा याच आडनावाच्या खगोलशास्त्रज्ञाचा), जर्मन फासबिंडर आणि ब्यॉट्शर, हंगेरियन कादार, पोलिश बेडनार्झ, युक्रेनियन बोंदार आणि त्यावरून बोंदारचुक. पिंप जिथे, तिथे हे आडनाव. पहिलं नाव मात्र फक्त इंग्रजी कूपरचं झालं, कारण प्रश्न ७ मधली चाल इंग्रजी जगाची आहे.

१६. पारशी कूपर इंग्रज होते का?

नाही. ब्रिटिश मुंबईत पारशांनी धंद्यांची इंग्रजी नावं आडनाव म्हणून घेतली : इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, डॉक्टर, मर्चंट. कूपर त्यातलंच. जुहूचं कूपर रुग्णालय डॉ. रुस्तम नरसी कूपर यांच्या नावाचं. साताऱ्याचे सर धनजीशहा कूपर एप्रिल ते जुलै १९३७ या काळात मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. साताऱ्यात कूपर म्हटलं की आजही कारखाना आठवतो. पिंप कुणाच्याच मनात येत नाही.

१७. आपल्याकडे कुलकर्णी, पाटील ही आडनावं आहेत, मग ती बाळांची नावं का होत नाहीत?

आपल्याकडे पहिल्या नावाचा उगम वेगळा : देव, नक्षत्रावरचं आद्याक्षर, आजी-आजोबा. आईचं माहेर नावात ठेवायची चालही नव्हती, उलट ते पुसलंच जायचं. शिवाय आपल्या आडनावांना जातीची ओळख चिकटलेली असते. इंग्लंडमध्ये कूपर आडनावावरून जात ठरत नाही, म्हणून ते सहज उचलता आलं. ‘गोपाळ’चा अर्थ गुराखी असला तरी नाव ठेवलं जातं ते कृष्णाचं म्हणून, धंद्याचं म्हणून नव्हे.

१८. परदेशात नातवाचं नाव कूपर ठेवत आहेत. काय पाहावं?

आधी मुदत. अमेरिकेत बहुधा रुग्णालयातून निघण्यापूर्वीच जन्मनोंदणीचा फॉर्म भरून घेतात, म्हणजे बाराव्या दिवशीच्या बारशाच्या आधी. ठरलं नसेल तर रुग्णालयातल्या नोंदणी करणाऱ्या व्यक्तीला विचारा, नाव नंतर घालण्याचे नियम राज्यागणिक वेगळे असतात. इंग्लंडमध्ये ४२ दिवस मिळतात, ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत ६०. भारतात जन्म नोंदवल्यावर नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

मग क्रम. मराठी नाव पहिलं आणि कूपर मधलं, किंवा उलट, दोन्ही चालतं. पण जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग आणि जो क्रम जाईल तोच पासपोर्टवर आणि पुढे ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) येणार. तिथे एका अक्षराचा फरकही दुरुस्तीचे अर्ज मागे लावतो. मधे वडिलांचं नाव लावायचं असेल तर तेही आधीच ठरवा.

शेवटी, नाव आडनावासकट मोठ्याने हाक मारून बघा. परदेशात पुढे ‘हे आडनाव की नाव?’ असं क्वचितच कुणी विचारेल, पण भारतात शाळेच्या किंवा बँकेच्या फॉर्मवर दोन्ही रकान्यांची अदलाबदल नक्की होते. प्रत्येक वेळी तपासावं. ‘कूपर कुलकर्णी’ असं नाव झालं तर त्यात एक पिंप बांधणारा आणि एक गावचा हिशेब लिहिणारा शेजारी बसलेले असतील. आम्हाला तरी ती जोडी आवडते.

१९. कूपर हे कुत्र्याचं नाव आहे असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

अमेरिकेत ते पाळीव कुत्र्यांच्याही आवडत्या नावांपैकी एक आहे, हे खरं. उच्चाराचे दोनच तुकडे, सुरुवातीला ठळक ‘क’, त्यामुळे हाक लांबून ऐकू जाते. त्यावरून नाव हलकं ठरत नाही. तिथे चार्ली आणि मॅक्स ही नावंही मुलांची आणि कुत्र्यांची, दोघांची आहेत. तरी आजी-आजोबांना खटकत असेल तर नोंदणीआधी बोलून घ्यावं.

२०. मिनी कूपर गाडीचा संबंध?

जॉन कूपर या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्याचं आडनाव. मिनी कूपर १९६१ ची. त्याच्या कंपनीच्या गाडीतून जॅक ब्रॅबहॅमने १९५९ आणि १९६० चं फॉर्म्युला वन विजेतेपद मिळवलं.

२१. खरे कूपर आज उरलेत का?

उरलेत, थोडे. बिअरसाठी धातूची पिंपं आल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो हात रिकामे झाले. धंदा टिकला तो व्हिस्की आणि वाइनमुळे. स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि ते पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नसावं, असा कायदा आहे. अमेरिकेत बूर्बन व्हिस्कीला दर वेळी नवं, आतून जाळून काळं केलेलं ओकचं भांडं लागतं. म्हणून तिथली एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिथले कूपर ती उसवून, फळ्या बदलून, पुन्हा बांधतात. क्रेगेलाखी गावातल्या स्पेसाइड कूपरेजमध्ये हे काम पाहुण्यांना बघता येतं.

तिथे शिकाऊ मुलगा चार वर्षं उमेदवारी करतो. ती संपली की सोबतचे कारागीर त्याला पिंपात उभा करतात, वरून काजळी, बिअर आणि रंध्याच्या भुशाचा मारा करतात आणि पिंप आडवं करून कारखानाभर लोटत नेतात. त्यातून तो बाहेर येतो, तेव्हापासून त्याला कूपर म्हणतात.